आधी वाटीत

परवा दुपारी सुनेनं केकच्या पिठात अंडं थेट फोडलं. मधे वाटी नाही, काही नाही. मी मटार सोलत होते, ती तशीच उठले.

"आई, घरची अंडी आहेत. महूच्या काकूंनी पाठवलेली."

म्हणूनच तर! पोल्ट्रीत कोंबड्यांच्या जोडीला कोंबडा नसतो. तिथलं अंडं शिळं निघेल फार तर, त्यात पिल्लू धरायची भीती नाही. घरच्या कोंबडीचं तसं नसतं. खुराड्यात पेंढा घालून चांगली जागा करून द्यावी, तर बाईसाहेब जाऊन बसणार लाकडांच्या ढिगामागे. मग एक दिवस सगळा साठा एकदम सापडतो. त्यातलं आजचं कुठलं आणि गेल्या आठवड्यातलं कुठलं, हे कुणी सांगावं?

महूला आमच्या आत्याकडे कोंबड्या होत्या. मे महिन्यात इंदुरातून आम्ही पोरं तिकडे गेलो की अंडी शोधून आणायचं काम आमचं. आत्या पितळी पातेल्यात पाणी घेऊन एकेक अंडं त्यात सोडायची. तळाशी आडवं पडलं तर ताजं. तळाला टेकून उभं राहिलं तर आजच संपवायचं. वर आलं की थेट उकिरड्यावर. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून आतलं पाणी उडत जातं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते, म्हणून जुनं अंडं तरंगतं. आत्याला ही कारणं ठाऊक नसावीत, पण पाण्यातून काढलेलं अंडं तिनं परत टोपलीत ठेवलं असं कधी झालं नाही. कवचावरचा नैसर्गिक लेप धुतला गेला की अंडं लवकर बिघडतं. हल्ली लोक हौसेनं आठवडाभराची अंडी बुडवून बघतात आणि पुसून फ्रिजमध्ये रचतात, तेव्हा माझा जीव खालीवर होतो.

पाण्यानंतर ऊन. माजघराच्या दाराच्या फटीतून येणाऱ्या तिरिपेत ती मुठीची नळी करून अंडं धरायची आणि एक डोळा मिटायची. आत लाल जाळं दिसलं तर ते खुडूक कोंबडीखाली. आम्हाला सगळी सारखीच दिसायची, तरी आम्ही "हो, हो, दिसलं" म्हणायचो.

एवढं झाल्यावरही फोडायचं ते वाटीतच. कड उडालेली चिनी मातीची ती वाटी दुसऱ्या कशाला वापरत नसत. आजी असेपर्यंत अंडं आत शिजत नसे, अंगणातल्या शेगडीवरच सगळं. वाटीही बाहेर कोनाड्यात.

आता बलकावर रक्ताचा ठिपका दिसला की सून बोंब मारते. वास्तविक तो बिनकोंबड्याच्या अंड्यातही असतो. बलक सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते, एवढंच. चमच्यानं काढून टाकावा आणि आम्लेट करावं. पांढऱ्यातल्या पिळाच्या दोऱ्यांनाही ती घाबरते. त्या बलकाला मधोमध धरून ठेवतात आणि ताज्या अंड्यात जास्त ठळक दिसतात. मागे कुणीतरी झाबुआहून कडकनाथची अंडी आणून दिली, तर ती काळी नाहीत म्हणून आमच्याकडे सगळे हिरमुसले होते. मांस काळं, अंडं फिकट बदामी. मी तीही वाटीत फोडली.

एकदा मात्र आत्याच्या नजरेतून एक सुटलं. आभाळ भरलेलं, तिरीप नव्हती. वाटीत बलकाभोवती केसासारख्या लाल रेघा पसरलेल्या, आणि मधे एक ठिपका हलत होता. लयीत. मी वाकून बघतच राहिले. आत्यानं वाटीवर ताटली झाकली, परसात गेली, बऱ्याच वेळानं रिकामी वाटी घेऊन आली आणि पिठलं टाकलं. जेवताना कुणी बोललं नाही. मला तर घासच जाईना.

त्याच रविवारी तिनं कोंबडीचा रस्सा केला होता. मी दोनदा वाढून घेतला.