तिसऱ्या दिवशी दूध आलं

डिसेंबरात माझ्या मैत्रिणीचं पाचव्या महिन्यात मूल गेलं. ती घरी आल्यावर माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "होईल गं परत." तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिसऱ्या रात्री तिचा फोन आला. "अगं, दूध येतंय." एवढंच. वार (प्लॅसेंटा) पडली की हार्मोन बदलतात आणि मूल असो-नसो, दूध उतरू शकतं. दवाखान्यात हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पोचले तेव्हा सासूबाई छातीला घट्ट फडकं आवळायच्या बेतात होत्या. डॉक्टरांना फोन लावला. आवळू नका, पिळत बसू नका, थंड पट्ट्या ठेवा, ताप आला तर लगेच या, म्हणाले. पहाटेपर्यंत फ्रीजमधल्या ओल्या पंचाच्या घड्या बदलत होतो. तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी गप्प होते. शहाणपणानं नव्हे, काही सुचेचना.

'स्कूटी चालवली म्हणून' हे घरात चालूच होतं. पुढच्या तपासणीला मी मुद्दाम सासूबाईंना सोबत नेलं आणि त्यांच्यासमोरच विचारलं. "स्कूटीनं काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून तो विषय बंद.

कामावर आठच दिवसांची रजा मिळाली होती. कायद्यानं गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. अर्ज मी लिहिला, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडली, तिनं फक्त सही केली. दोन खेपा पडल्या, पण रजा मिळाली.

जानेवारीत गड्डा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा आली. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला तिच्याकडे दरवर्षी पाहुणे उतरतात, पाठोपाठ हळदीकुंकू. "कितवा गं?" हे कुणीतरी विचारणारच. म्हणून मी आधीच एकेकीला फोन करून सांगून टाकलं. दोघींना राग आला. येऊ दे.

मे महिन्यात डॉक्टरांनी दिलेली तारीख उजाडली. मी मेसेज केला, "आज आठवण आहे." उत्तर आलं, "ये की."

उन्हात घामाघूम होऊन गेले. तिनं कपाटातल्या चादरीच्या घडीतून एक टोपडं काढलं, माझ्या हातात दिलं.

"नाक माझ्यासारखं होतं," ती म्हणाली.