फर्नांदो रे वही, पुढचं अपडेट: त्रिस्तानाच्या घंटेने सोडवलेला घोळ

मंडळी, सुटला एकदाचा घोळ! मागच्या अपडेटला 'फ्रेंच कनेक्शन'मधल्या फर्नांदो रेच्या पात्राचा, शार्निएचा, आवाज रेफरन्स क्लिपशी काही केल्या जुळेना म्हणून वैतागून वही मिटली होती, ती काल रात्री परत उघडली आणि पहाटेपर्यंत बसलो. नवीन आलेल्यांसाठी एवढंच सांगतो की हा रे म्हणजे सिनेनट फर्नांदो रे, स्पेनमधल्या ला कोरुन्याचा, 1917 चा जन्म, सत्यजितबाबूंशी काही संबंध नाही (विचारतात लोक, खरंच विचारतात). वहीत त्याच्या प्रत्येक रोलसमोर दोन रकाने, चेहरा आणि आवाज, त्याचा स्वतःचा असेल तर मार्क. बाकी नियम जुनेच.

दोन रकाने का, तर या माणसाचा चेहरा एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असं कायम चाललेलं असतं. 1941 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने परदेशी सिनेमे स्पॅनिशमध्ये डब करूनच दाखवायचे असा हुकूम काढला, त्यामुळे डबिंगचा धंदा जोरात, आणि त्यात रेसाहेब माइकसमोर. इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिएच्या हॅम्लेटला स्पॅनिश आवाज यांचाच. मग 1953 चा दिग्दर्शक बेर्लांगाचा 'बिएनवेनिदो मिस्टर मार्शल' घ्या, त्यात ते पडद्यावर एकदाही दिसत नाहीत पण अख्खा सिनेमा तेच सांगतात, एक आटपाट नगर होतं अशा थाटात. चौकातली माणसं चालता चालता थांबवतात, मग फ्रेममधून गायबच करून टाकतात, रिकामा चौक दाखवतात आणि परत आणून ठेवतात. आवाजाच्या रकान्यात पूर्ण मार्क, चेहऱ्याच्या रकान्यात शून्य. अशी नोंद करताना मला जी मजा येते ती घरच्यांना समजावून सांगता येत नाही, सोडा.

तर घोळ असा होता. 'फ्रेंच कनेक्शन'मध्ये (1971) रेसाहेब अलँ शार्निए, फ्रान्समधल्या मार्सेचा हेरॉइनवाला. हा रोल मिळाला तोच गफलतीने, हे इथे सगळ्यांना पाठ आहे, दिग्दर्शक फ्रीडकिनला हवा होता 'बेल दे जूर' सिनेमातला फ्रान्सिस्को राबाल, नाव आठवेना, आणि कास्टिंगवाल्याने बोलावला रे. आला तो बोकडदाढी घेऊन, वर ती काढणार नाही म्हणाला. मग चौकशी केली तर राबालला ना इंग्लिश येत ना फ्रेंच, म्हणून हाच राहिला. आणि खरी गंमत पुढे, सिनेमा जोडून झाल्यावर रेचं फ्रेंच पसंत पडेना, म्हणून फ्रेंच डायलॉग दुसऱ्याकडून डब करून घेतले आणि इंग्लिश मात्र त्याचं त्याचंच ठेवलं. एकाच रोलमध्ये दोन माणसांचे आवाज! म्हणजे वहीत अर्धा मार्क. पण मला हे कानाने आणि ऑडॅसिटी या साउंड एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातले सूर रेघांनी दाखवणारा ग्राफ) धडधडीत दिसायला हवं होतं, नुसतं वाचून नोंद करायची तर मग वही कशाला.

रेफरन्स म्हणून मी दिग्दर्शक बुन्युएलचा 'त्रिस्ताना' घेतला होता. 1970 चा, म्हणजे शार्निएच्या जेमतेम वर्षभर आधीचा, आवाजाचं वय तेच, आणि त्यातल्या त्याच्या पात्राचा, दोन लोपेचा (हा 'दोन' म्हणजे डॉन, आकडा नव्हे) आवाज अस्सल रेचा (सोबतचे कॅथरीन देनव आणि फ्रँको नीरो दोघांना स्पॅनिशमध्ये दुसऱ्यांचे आवाज आहेत, हा तेवढा स्वतःच्या आवाजात). त्याचे चारपाच तुकडे कापले, शांत खोलीतले, मागे संगीत नसलेले, आणि शार्निएच्या इंग्लिश वाक्यांशेजारी ठेवले. जुळेना. शार्निए खर्जात, लोपे त्याच्यापेक्षा पातळ. भाषा बदलली की माणूस थोडा वेगळ्या सुरात बोलतो हे मान्य, पण हा फरक प्रत्येक तुकड्यात तसाच, एकाच दिशेला, एकाच मापाचा. माणसाचा आवाज इतका शिस्तीत बदलत नाही. माइक, खोली, मिक्सिंग, सगळ्यावर शंका घेऊन झाली, हेडफोनसुद्धा बदलून पाहिले.

शेवटी फाइल मीडियाइन्फोमध्ये (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकली तर फ्रेम रेट 25. बस्स, तिथेच ट्यूब पेटली. माझा त्रिस्ताना स्पेनची डीव्हीडी, म्हणजे पाल (PAL, सेकंदाला 25 फ्रेमची टीव्ही पद्धत), आणि फ्रेंच कनेक्शन अमेरिकन ब्लूरे. फिल्म चालते सेकंदाला 24 फ्रेमने, पालवर ती 25 ने पळवतात, म्हणजे 100 मिनिटांचा सिनेमा 96 मिनिटांत उरकतो आणि आवाज चार टक्क्यांनी वर चढतो, साधारण पाऊण सेमीटोन (पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक). सलग बघताना कोणाच्या लक्षात येणार नाही, पण तुकडे शेजारी ठेवले की येतं. आणि पन्नाशीतला खर्ज असेल तर चांगलंच येतं.

पण एवढ्यावर खूश होऊन चालत नाही, कारण काही कंपन्या पाल करताना सूर परत खाली आणून ठेवतात, काही नाही आणत. सरसकट चार टक्के कमी केले आणि त्या डिस्कवर आधीच दुरुस्ती झालेली असली तर उलटा घोळ. म्हणजे सिनेमातच असं काहीतरी शोधायला हवं ज्याचा सूर हलत नाही. त्रिस्तानात काय आहे? घंटा! तोलेदोच्या त्या मनोऱ्यावरची, जिच्यात त्रिस्तानाला लोळीच्या जागी दोन लोपेचं मुंडकं लटकलेलं दिसतं. एका मित्राकडे 24 फ्रेमवाली ब्लूरे आहे, त्याने तेवढाच तुकडा पाठवला. घंटेच्या रेघा स्पेक्ट्रोग्रामवर आखल्यासारख्या सरळ येतात, माणसाच्या आवाजासारख्या लवत नाहीत, आणि डीव्हीडीवरची प्रत्येक रेघ ब्लूरेच्या रेघेच्या चार टक्के वर. म्हणजे या डिस्कवर दुरुस्ती झालेली नाही. 

मग ऑडॅसिटीत उणे 4 टक्के (तुमची दुसरी कॉपी 23.976 ची असेल तर उणे 4.1). इथे एक सांगतो, 'चेंज टेम्पो' वापरू नका, त्याने वेग बदलतो पण सूर तिथेच राहतो, हवा असतो तो 'चेंज स्पीड'वाला इफेक्ट, नव्या व्हर्जनमध्ये नावाला पिचही जोडलंय. लावला, आणि दोन लोपे अलगद खाली उतरून शार्निएच्या इंग्लिशशेजारी जाऊन बसला. तोच घसा, वाक्याच्या शेवटी तोच थोडा हवेत सोडलेला श्वास. आणि त्याच मापाने मार्सेचे फ्रेंच सीन तपासले तर माणूस वेगळा, ग्राफ बघायचीही गरज नाही, कान लावला की कळतं. वहीत नोंद केली, शार्निए, चेहरा 1, आवाज अर्धा. चहा केला.

तसं बघितलं तर त्या रोलमधलं उत्तम काम बिनआवाजाचंच आहे. तो आत गरम रेस्टॉरंटात निवांत जेवतोय आणि बाहेर थंडीत त्याच्या मागावरचा पोलीस पॉपाय पिझ्झ्याचा तुकडा चावत उभा, किंवा सबवेत छत्रीने दार अडवून आत शिरणं आणि गाडी सुटताना बोटं हलवून केलेला तो टाटा. यात कोण काय डब करणार.

डिस्कवाल्यांबद्दल थोडं. क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीचा बुन्युएलच्या तीन सिनेमांचा ब्लूरे सेट पैसे वसूल आहे, फक्त रीजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा कोड) ए आहे हे विसरू नका, आपल्याकडचा प्लेअर सी. स्पेनच्या डीव्हीडी रीजन 2, आपल्या 5. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने 'रीजन फ्री' म्हणून जी गळ्यात मारली ती रीजन 2 निघाली, परत घेणार नाही म्हणाला. लॅपटॉपच्या ड्राइव्हला रीजन बदलायचे पाचच चान्स असतात आणि माझा आता शेवटचा उरलाय, तो मी तिजोरीत ठेवल्यासारखा जपतोय.

आता पुढचं. ठरलं होतं की यानंतर इटालियन वेस्टर्न, कोर्बुचीचा 'कंपान्येरोस' आणि त्यातला प्रोफेसर झांतोस. पण हे लिहिता लिहिताच बेत बदलला, कारण काल रेफरन्ससाठी बुन्युएल चाळताना एक जोडी सापडली आणि ती डोक्यातून जाईना. 1977 च्या 'दॅट ऑब्स्क्युअर ऑब्जेक्ट ऑफ डिझायर'मध्ये रे मॅथ्यू, नायक, सेव्हिलहून सुटलेल्या गाडीत डब्यातल्या लोकांना आपली सगळी कहाणी सांगतो, म्हणजे रोल जवळजवळ सगळा बोलण्याचा. आणि फ्रेंच ट्रॅकवर तो आवाज मिशेल पिकोलीचा! नायिका एक, कोंचिता, पण नट्या दोन, कारोल बुके आणि आंखेला मोलिना, आणि दोघींना मिळून तिसरीचाच आवाज. आपल्याकडच्या प्लेबॅकसारखाच प्रकार, फक्त गाण्याऐवजी बोलण्यात. हे माहीत होतंच. पण त्याच्या पाच वर्षं आधीचा बुन्युएलचाच 'डिस्क्रीट चार्म' बघा, रे मिरांदा नावाच्या खोट्या देशाचा राजदूत, डिप्लोमॅटिक बॅगेतून कोकेन आणणारा (आदल्याच वर्षी हेरॉइनवाला झाला होता, बुन्युएल सोडतो काय असला विनोद). सगळे पकडले जातात, मग मंत्र्याचा फोन येतो, सोडून द्या. का सोडायचं ते मंत्री सांगतो आणि नेमकं तेव्हाच विमान घरघरत जातं, एक अक्षर ऐकू येत नाही. तो मंत्री कोण? पिकोली. 1972 मध्ये ज्याचा आवाज विमानाखाली दाबला, तोच 1977 मध्ये रेच्या तोंडून सिनेमाभर बोलतो. मी तर हे बघून उठून उभाच राहिलो.

म्हणून तिसरा रकाना सुरू करतोय, 'आवाज कोणाचा'. आणि वेस्टर्न मागे, आधी 1977 चं पान पूर्ण करायचं, कारण त्याच वर्षी दिग्दर्शक सौराचा 'एलिसा, विदा मिआ' आहे, कान महोत्सवात रेला बेस्ट ॲक्टर मिळालं ते त्यातल्या बापाच्या रोलसाठी. सुरुवातीला गाडी माळरानातल्या घराकडे येते आणि वर रेचा आवाज, पण बोलतोय मुलीच्या तोंडचं, ती स्वतःबद्दल सांगतेय असं. शेवटी तेच शब्द जेराल्डिन चॅप्लिनच्या, म्हणजे एलिसाच्या आवाजात. एकाच वर्षात एका सिनेमात याच्या चेहऱ्याला दुसऱ्याचा आवाज आणि दुसऱ्यात दुसरीच्या शब्दांना याचा आवाज. ही दोन पानं समोरासमोर लावणार. माझ्या मते मॅथ्यूपेक्षा हाच रोल मोठा, भांडायचं असेल तर या.

त्यानंतर बहुतेक टीव्हीवरचा 'किखोते' (म्हणजे डॉन क्विक्झोट, 1992, रे स्वतः किखोते, त्याचा सेवक सांचो आल्फ्रेदो लांदा), कारण 1947 च्या राफाएल गिलच्या सिनेमात रे सान्सोन कारास्को होता, कादंबरीत शेवटी दोन किखोतेला हरवणारा तोच. तरुणपणी हरवणारा, म्हातारपणी हरणारा, दोन्ही आवाज शेजारी ठेवायचेत. 1947 ची चांगली कॉपी कोणाकडे असेल तर फ्रेम रेट आधी सांगा, बाकीचं नंतर बोलू.

आणि एक अडलंय. दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्सचा 'द हिट' (1984), रे सीनियर पोलीसवाला, पात्राला नावसुद्धा नाही, स्पेनभर प्रेतांच्या मागावर फिरतो आणि जवळजवळ बोलतच नाही. चेहरा 1. आवाजाच्या रकान्यात शून्य टाकायचं की रकाना लागूच नाही म्हणायचं? सध्या पेन्सिलीने डॅश मारून ठेवलाय, तुम्ही काय टाकलं असतं ते सांगा.