जन्मदाखल्यावर नाव नसलेला गार्ड

तुमचा मुलगा किंवा मुलगी बास्केटबॉल खेळत असेल तर आज घरी गेल्यावर जन्मदाखला काढा आणि 'बाळाचे नाव' या रकान्यात काही लिहिलंय का ते बघा. माझ्या दाखल्यावर तो रकाना कोरा होता. त्यापायी माझं अंडर-१६ चं एक वर्ष गेलं. पुढे लीगमध्ये खेळलो, पैसे घेऊन खेळलो, तरी ते वर्ष अजून मनातून जात नाही.

मी मुंबईतल्या नायगावचा. पाचवीत शाळेच्या संघात आलो आणि आठवीपासून संध्याकाळी नागपाड्याला बच्चूखान ग्राउंडवर जायला लागलो. उंची बेताची, म्हणून पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचणारा. तिथली मोठी मुलं लहानांना खेळायला घेतात, पण एकदा चेंडू घालवला की बराच वेळ पास मिळत नाही. माझा डावा हात त्या भीतीनेच तयार झाला. एमएसएसए या मुंबईच्या शालेय क्रीडा संघटनेच्या आंतरशालेय स्पर्धा, माटुंग्याला डॉन बॉस्कोमधला सॅव्हियो कप, हे सगळं सुरळीत पार पडलं.

अडलं ते २०१६ च्या मे महिन्यात. नववीची परीक्षा संपली होती आणि अंडर-१६ च्या निवड चाचणीला सरांनी माझं नाव दिलं होतं. फॉर्मसोबत जन्मदाखला आणि शाळेचं बोनाफाइड लागतं. वय चोरून खेळणारे इतके असतात की हे कागद बारकाईने तपासतात. तपासायलाच हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दाखल्यावर आईवडिलांची नावं होती, २ ऑगस्ट २००१ ही तारीख होती, नोंदही पहिल्याच आठवड्यातली होती. फक्त मी नव्हतो.

झालं होतं असं की आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. दवाखान्याने जन्म कळवला तेव्हा बारसं व्हायचं होतं. पुढे नाव घालायला कुणी गेलंच नाही, कारण ते घालावं लागतं हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. नियम असा आहे की पहिल्या वर्षात नाव फुकट घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मला १५ पूर्ण व्हायला जेमतेम अडीच महिने उरले होते.

बाबा परळहून रात्रीची एसटी पकडून आजोळी गेले. तिथल्या नोंदणी कार्यालयातल्या माणसाने बोनाफाइड हातात घेतलं आणि परत केलं. शाळेत माझी तारीख ३० मे होती. जूनमध्ये पहिलीत प्रवेश मिळावा म्हणून काकांनी तशी सांगितली होती. त्या काळी बऱ्याच घरांत असं केलं जायचं. तो म्हणाला, "आधी शाळेतली तारीख दुरुस्त करून आणा, मग नाव घालू."

शाळेत गेलो तर हेडसर म्हणाले, "जनरल रजिस्टरमधली तारीख मला एकट्याला बदलता येत नाही. शिक्षण निरीक्षकांकडे प्रस्ताव पाठवावा लागतो आणि त्याला नाव असलेला जन्मदाखला जोडावा लागतो. या कोऱ्या दाखल्यावरचं बाळ तूच कशावरून?"

म्हणजे नावासाठी तारीख हवी आणि तारखेसाठी नाव हवं. दोघांचंही म्हणणं ऐकताना बरोबर वाटायचं, आणि म्हणूनच जास्त चीड यायची. बाबा तीन वेळा गेले, प्रत्येक वेळी रजा टाकून. एकदा साहेब मीटिंगला होते. एकदा रजिस्टर दुसऱ्या खोलीत होतं आणि त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती तो आला नव्हता. मामा तर गावातच राहायचे, ते किती वेळा गेले याचा हिशोबच नाही. मी रोज संध्याकाळी ग्राउंडवर जायचो आणि ज्यांच्या हातून चेंडू काढून घ्यायचो ती मुलं चाचणीच्या कपड्यांबद्दल बोलत असायची.

चौथ्या वेळी आई आणि मी गेलो. मी काउंटरपाशी उभा राहून निवड चाचणीची तारीख सांगितली. तो माणूस म्हणाला, "खेळायचंच आहे ना? पुढच्या वर्षी खेळेल." हे वाक्य मी त्याला आजही माफ करू शकत नाही. अंडर-१६ ला मोजकीच वर्षं मिळतात, आणि गेलेलं वर्ष परत येत नाही.

आई काही बोलली नाही. तिने पिशवीतून माझं लसीकरणाचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. बीसीजीसमोर त्याच गावच्या दवाखान्याचा शिक्का, वर 'बाळ', तिचं नाव आणि २ ऑगस्ट. नवव्या महिन्यातली गोवराची लस नायगावात घेतलेली, त्यावर इथल्या दवाखान्याचा शिक्का आणि 'बाळ' खोडून शेजारी माझं नाव. ते बाळ आणि मी एकच, हे सांगणारा घरात तेवढा एकच कागद होता, आणि तो तिने १५ वर्षं जपला होता. आतून मोठे साहेब आले, त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "आईवडील दोघांचं प्रतिज्ञापत्र जोडा, शाळेचं नंतर बघा." एवढं पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात नाव चढलं. निवड चाचणी जूनमध्येच होऊन गेली होती.

शाळेतली तारीख मात्र दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी बदलून घेतली. हे लक्षात ठेवा: जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती शाळेत असतानाच करून घ्यायची. शाळा सोडल्यावर ती जवळपास अशक्य होते, आणि पुढे नोकरीत दहावीचीच तारीख धरतात.

त्यानंतर अंडर-१८ ला राज्याकडून खेळलो, मग कॉलेज. मी शाळेत असताना २०१५ मध्ये यूबीए ही बास्केटबॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली होती, ती दोन-तीन वर्षांत थांबली. त्यामुळे या खेळात पैसे मिळतील असं घरी कुणाला पटत नव्हतं. २०२२ मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली आणि पुन्हा दार उघडलं. एका संघाच्या ट्रायलला गेलो आणि बारा जणांत निवडलो गेलो. आठ सेकंदांत चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे न्यायचा आणि समोरचा गार्ड अंगाला चिकटलेला, तिथे नागपाड्यातला डावा हातच कामाला आला. पहिल्या मानधनातून आईला सोन्याचे कानातले केले.

करारावर सही करताना दोन गोष्टी वाचा: पैसे कोणत्या तारखेला देणार, आणि गुडघा गेला तर खर्च कोण करणार. सही त्यानंतरच करा. आणि हंगाम संपला की पगारही संपतो, म्हणून मी रेल्वेच्या क्रीडा कोट्यासाठीही अर्ज केलाय. तिथे शंभरपैकी ५० गुण खेळातल्या कामगिरीला, ४० ट्रायलला आणि १० शिक्षणाला असतात, तेव्हा प्रमाणपत्रं फाइलमध्ये नीट लावा. मूळ प्रती लॅमिनेट करू नका. स्पर्धेचा शिक्का नसेल तर त्याच दिवशी मागून घ्या, नंतर आयोजक भेटत नाहीत.

रविवारी मी बच्चूखानला लहान मुलांना शिकवतो. नवीन मूल आलं की आधी जन्मदाखला बघतो. गेल्या महिन्यात एका मुलाचा रकाना कोरा निघाला. त्याला आत्ता चौदावं लागलंय, जन्म आजोळचा, सातारा जिल्ह्यातला. येत्या रविवारी रात्री त्याचे वडील एसटीने निघतायत. लसीचं कार्ड सापडलंय, ते मी पिशवीत सगळ्यात वर ठेवायला सांगितलंय.