नव्या गाडीचा विमा आणि रमणमळ्यातलं पाणी

पाडव्याला गाडी घरी आणली. साधी पेट्रोल हॅचबॅक, शोरूमचा भाव ८ लाख. रंगावरून घरात आठवडाभर चर्चा झाली, विम्याच्या कागदावर मात्र सगळ्यांनी मलाच बसवलं. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात मी अठरा वर्षं हिशेब लिहिते, त्यामुळे आकड्यांचा कागद दिसला की तो माझ्याकडेच सरकतो.

हायवेवरच्या शोरूममध्ये त्या मुलानं माझ्यापुढे कोटेशन ठेवलं. मूळ विम्याखाली आठ ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायची कव्हर: झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, कन्झ्युमेबल्स, रिटर्न टू इनव्हॉइस, चावी, टायर, गाडीतलं सामान, नो क्लेम बोनस प्रोटेक्शन. सगळ्यांची मिळून एकच रक्कम. "मॅडम, हे पॅकेजच आहे. वेगळं करता येत नाही." मी म्हटलं, "प्रत्येकाची रक्कम वेगळी लिहून द्या, नाहीतर विमा मी बाहेरून काढते." त्यावर त्यानं बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीनं परस्पर भरणं, होणार नाही म्हणून सांगितलं. हे खरं नाही. कॅशलेस होणार की नाही, हे त्या वर्कशॉपचा तुमच्या विमा कंपनीशी करार आहे का, यावर ठरतं. पॉलिसी कोणी विकली याचा त्याच्याशी काही संबंध नाही. दहा मिनिटांत वेगवेगळ्या रकमांचा कागद आला.

माझं बोट आधी इंजिन प्रोटेक्टवर, म्हणजे पाणी शिरून इंजिन बिघडलं तर लागणाऱ्या कव्हरवर गेलं, आणि त्याला कारण आहे.

आम्ही कोल्हापुरात रमणमळ्यात राहतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका, हे आमच्या गल्लीतली शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळा आमची जुनी गाडी मी वेळेत यार्डात नेऊन लावली होती. २०२१ ला भावजींची मात्र खालीच राहिली. ते कामासाठी पुण्याला गेलेले, चावी त्यांच्या खिशात, आणि शिरोलीजवळ पाणी आल्यानं हायवे बंद. पार्किंग जोत्यावर आहे म्हणून पाणी बंपरच्या थोडं वर येऊन थांबलं, पण हललं नाही.

भावजी परत आले तेव्हा पाणी उतरलं होतं. दार उघडल्याबरोबर कुजलेल्या गाळाचा वास आला. पायाखालचं कार्पेट दाबलं की पाणी वर यायचं. पण किल्ली फिरवली तर डॅशबोर्डचे दिवे लागले, आणि त्यांना वाटलं, वाचली! त्यांनी सेल मारला. दोनदा घरघर झाली, मग टक् असा एक आवाज आला आणि सगळं बंद. त्यांनी आणखी दोनदा मारला. मी शेजारीच उभी होते. मलाही कळलं नाही, नाहीतर हात धरला असता.

मेकॅनिकनं ऑइलची पट्टी ओढून दाखवली. तिच्यावर ऑइलच्या जागी दुधाच्या चहासारखं काहीतरी होतं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल मारल्यावर पिस्टन त्या पाण्यावर आदळला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. विमा कंपनीचे सर्व्हेअर आले, नीट बोलले, फोटो काढले. कार्पेट, वायरिंग, साफसफाई हे पुराचं नुकसान म्हणून मंजूर. इंजिन नामंजूर, कारण ते पुरानं मोडलं नाही, पुरानंतर गाडी सुरू केल्यानं मोडलं. साध्या फर्स्ट पार्टी विम्यात असं मागाहून झालेलं नुकसान बसत नाही. भावजींच्या खिशातून ७८,००० रुपये गेले. माझ्या कागदावर इंजिन प्रोटेक्टची रक्कम होती १,१५०.

झिरो डेपचं गणित मला आमच्या जुन्या गाडीनं शिकवलं होतं. माझं माहेर राधानगरीकडे. गळीत हंगामात त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. २०१६ ला अशीच एक ट्रॉली मागं सरकली आणि आमचा बंपर, हेडलॅम्प गेला. दोन्ही मिळून ११,६०० रुपये. विमा होता, मी निश्चिंत. पण प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीत गाडी नवी असली तरी सरळ ५० टक्के घसारा कापतात. पत्र्याचं तसं नाही. तिथं पहिल्या सहा महिन्यांत काही कापत नाहीत, पुढं वयानुसार कपात वाढते. काचेला घसारा नाही. म्हणजे प्लास्टिकचे ५,८०० माझे, शिवाय प्रत्येक क्लेमला सक्तीची कपात असते ते १,००० माझे. झिरो डेप असला की हा घसारा कापत नाहीत. आजकालच्या गाडीचं पुढचं सगळं तोंड प्लास्टिकचं असतं, त्यामुळे निदान पहिली काही वर्षं झिरो डेप घ्यावाच या मताची मी आहे. ती १,००० ची कपात मात्र झिरो डेप असला तरी जातेच, आणि वर्षात असे किती क्लेम चालतील ते पॉलिसीत बघून घ्यायचं.

रिटर्न टू इनव्हॉइसवर मी थोडी अडखळले. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला, तरच हा कामाचा. तेव्हा आयडीव्हीऐवजी रोड टॅक्ससकट खरेदीची किंमत मिळते. नव्या गाडीची आयडीव्ही शोरूमच्या भावापेक्षा ५ टक्के कमी धरतात, म्हणजे माझी ७ लाख ६० हजार. त्यात रोड टॅक्स नाही, आणि आपल्याकडे माझ्या गाडीला तो ११ टक्के, ८८,००० रुपये. पहिल्याच पावसाळ्यात गाडी पूर्ण बुडाली तर सव्वा लाखाच्या वर फरक पडतो. पुराच्या पट्ट्यात राहतो म्हणून घेतला. राजारामपुरीत उंचावर राहत असते तर सोडला असता. कन्झ्युमेबल्सचे ७०० रुपयेही त्याच हिशेबानं दिले. पाण्यात गेलेल्या गाडीचं ऑइल, कूलंट, ग्रीस सगळंच बदलावं लागतं आणि साध्या विम्यात ते धरत नाहीत.

चावी, टायर, सामान खोडलं. बोनस प्रोटेक्शनही; क्लेम केला तरी क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट टिकावी म्हणून ते असतं. ओरखड्याबिरखड्याचा क्लेम मी करणारच नाही, ते पदरचे देईन.

खरा फायदा वेगळ्याच ठिकाणी सापडला. २०१६ नंतर जुन्या गाडीवर एकही क्लेम नव्हता, म्हणून तिचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली की विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं. ते तीन वर्षं चालतं. शोरूमच्या कागदावर बोनसच्या जागी शून्य होतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. पत्र दिल्यावर गाडीच्या नुकसानीचा हप्ता १६,८०० वरून ८,४०० वर आला. (थर्ड पार्टीला बोनस लागत नाही, आणि नव्या गाडीला ते तीन वर्षांचं एकदम भरावंच लागतं.) मी घेतलेल्या चार ॲड-ऑनची बेरीज ६,७५०. कृपा करून हे पत्र विसरू नका. यार्डात मी चौघांना विचारलं, चौघांनीही ते घेतलं नव्हतं.

पॉलिसी आल्यावर पहिल्या पानावर ॲड-ऑनची नावं बोट ठेवून वाचली. कन्झ्युमेबल्स गायब होतं, पैसे मात्र घेतलेले. फोन केला, तिसऱ्या दिवशी दुरुस्त प्रत आली. इंजिन प्रोटेक्टचं कलमही पूर्ण वाचलं. गाडीत पाणी गेल्यावर ती तशीच सुरू करायचा प्रयत्न करून नुकसान वाढवलं तर ते मिळणार नाही, असं माझ्या पॉलिसीत लिहिलंय. म्हणून कव्हर असलं तरी पाणी लागलेल्या गाडीला सेल मारायचा नाही, बॅटरीची वायर काढायची आणि टोइंगला फोन करायचा, हे मी ह्यांना आणि मुलाला तोंडपाठ करायला लावलंय.

भावजींनी गेल्या नूतनीकरणाला इंजिन प्रोटेक्ट मागितला. गाडी २०१८ ची, जुनी झाली म्हणून त्यांच्या कंपनीनं दिला नाही. आता बंधाऱ्यावर ३५ फूट झालं की त्यांचा मला फोन येतो, "वहिनी, यार्डात एक जागा धरून ठेवा."