हनुवटी फुगलेला नर: बंगाई कार्डिनलची तिसरी खेप

बंगाई कार्डिनल हा खाऱ्या पाण्यातला मासा, यात नरच अंडी तोंडात ठेवून सांभाळतो. याआधी दोन वेळा माझ्या टाकीतल्या नराने ती गिळून टाकली. एकदा चौथ्या दिवशी, एकदा सहाव्या. नवखे नर असं करतातच, त्यामुळे तेव्हा नोंद ठेवायचाही उत्साह नव्हता. या वेळी मात्र पहिल्या दिवसापासून लिहीत गेलो.

दिवस १. दिवे मंद होताना मादी नराला खेटून थरथरत होती. पुढाकार तिचाच असतो. टाकीत तिसरा कार्डिनल होता, त्याला दोघांनी दोन आठवड्यांपूर्वीच कोपऱ्यात कोंडून शेपूट कुरतडली होती. त्याला वेगळं काढलं तेव्हाच जोडी जमली हे कळलं. अंडी घालणं काही माझ्या नजरेस पडलं नाही. रात्री नराची हनुवटी चौकोनी दिसली, एवढंच.

दिवस २ ते ११. खाणं बंद. मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव, त्याचं खाद्य) नाकासमोरून गेलं तरी ढुंकून बघत नाही. तापमान २६, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५, पाणी बदलायचं टाळलं.

दिवस १२. तोंडातला अंड्यांचा गोळा फिरवताना त्याने जबडा जरा जास्त उघडला आणि टॉर्चच्या उजेडात अंड्यांतल्या पिल्लांचे रुपेरी डोळे चमकले. हा क्षण बघायला मी रोज अर्धा तास काचेला नाक लावून बसायचो, घरचे हसायचे.

दिवस २३. अंडी तोंडातच फुटतात आणि पिल्लंही आणखी काही दिवस तिथेच राहतात. अनेकजण या टप्प्यावर नराचं तोंड उघडून पिल्लं काढून घेतात. मला ते पटत नाही. पुढच्या खेपेला तो बिचकेल असं वाटतं. रात्री अंधारात, जाळी न वापरता, पाण्यातच डबा धरून त्याला छोट्या टाकीत हलवलं. जाळीने घाबरला तर पिल्लं थुंकायची भीती. आत काळे केबल टाय खोचलेला एक गोळा ठेवला, म्हणजे नकली अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव). निसर्गात पिल्लं लांब काट्यांच्या अर्चिनमध्ये लपतात.

दिवस २८, सकाळ. काट्यांत १७ पिल्लं! आईबापांसारखेच पट्टे, फक्त नखाएवढी. क्लाउनफिशच्या अळ्यांसारखी रोटिफरची (अतिसूक्ष्म जिवंत खाद्याची) उस्तवारी इथे लागत नाही. अंड्यांतून ताजी फुटलेली आर्टेमिया (कोळंबीसारखे इवले जीव) पहिल्याच दिवशी खातात. पिल्लं प्रवाहाबरोबर दूर वाहून जात नाहीत, म्हणूनच इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बंगाई बेटांवर एका खडकाजवळचे मासे पकडून संपवले तर तिथे दुसरीकडून नवे येणं कठीण. १९३३ मध्ये नोंदलेली ही जात मग कित्येक दशकं कुणाच्या खिजगणतीत नव्हती, आणि २००७ मध्ये ती धोक्यात असलेल्या प्रजातींत गेली. टाकीत वाढवलेली पिल्लं एकमेकांना देण्यात मला रस आहे तो यासाठी.

दिवस ३७. चूक माझी. सकाळी खोलीचा दिवा फटकन लावला, पाच पिल्लं झटका बसल्यासारखी गिरक्या घेत तळाला गेली, उठलीच नाहीत. नुसत्या आर्टेमियात चांगली मेदाम्लं पुरेशी नसतात, तेव्हा दचकून मरण्याचा हा प्रकार होतो. त्या दिवसापासून आर्टेमिया देण्याआधी बारा तास पोषकात भिजवतो, आणि आधी दुसऱ्या खोलीतला दिवा लावतो.

दिवस ४६. बारा शिल्लक, सगळी खातायत. नर मोठ्या टाकीत परतलाय, पोट आत गेलेलं, पाठ धारदार. आणि मादी आजच त्याच्याभोवती पुन्हा थरथरायला लागली! मध्ये आडवी काच लावलीय. निदान महिनाभर तरी त्याला पोटभर खाऊ दे.