जुनी नावे, नवे पाहुणे

नव्या प्रदेशाचा नकाशा हाती आला की माझी नजर रस्त्यांच्या आधी नावांकडे वळते. एखाद्या शिखरावर दूरच्या अधिकाऱ्याचे नाव दिसले, की पाहुण्यानेच यजमानाच्या दारावर आपली पाटी ठोकावी तसे काहीसे वाटते.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील प्रचंड तांबडा खडक १८७३ मध्ये विल्यम गॉस या भूमापकाने पाहिला आणि त्याला दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मुख्य सचिव हेन्री एयर्स यांचे नाव देऊन टाकले. तेथील मूळ रहिवासी अनंगू लोक मात्र त्याला पिढ्यानपिढ्या उलुरू म्हणत आले होते. १९९३ मध्ये ‘एयर्स रॉक / उलुरू’ हे जोडनाव अधिकृत झाले आणि २००२ मध्ये क्रम उलटून उलुरू आधी आले. हा बदल कागदावर किरकोळ वाटेल. पण उलुरू म्हटले की अनंगूंचे म्हणणेही कानावर घ्यावे लागते, आणि त्यांच्या दृष्टीने हा खडक चढण्यासाठी नाही. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. केवळ नावामुळे हे घडले नाही, तरीही आता पायथ्याभोवती फेरी मारणारा प्रवासी जुन्या चढाईखोरापेक्षा अधिक काही पाहतो, असे मला वाटते.

अर्थात पर्यटनाला नावे घडवताही येतात. वेल्समधील लानवायरपुल या गावाचे नाव १८६० च्या दशकात, प्रवाशांना भुरळ पडावी म्हणून, रोमन लिपीतील ५८ अक्षरांपर्यंत ताणले गेले. रेल्वे स्थानकाच्या पाटीसमोर लोक आजही हौसेने छायाचित्रे काढतात, गावकरी मात्र छोटेच नाव वापरतात. ही गंमत मलाही आवडते. फक्त तिला परंपरा म्हणू नये.

परंपरेचे नाव आपल्याबरोबर गोष्ट आणि वागण्याची रीत घेऊन येते. न्यूझीलंडच्या सर्वोच्च शिखराला १९९८ मध्ये ‘आओराकी / माउंट कुक’ हे अधिकृत नाव मिळाले. न्गाई ताहू या तेथील माओरी जमातीच्या कथेत आओराकी हा आकाशपित्याचा पुत्र. त्याची होडी अडकून कलंडली, तिचे दक्षिण बेट झाले, आणि तो व त्याचे भाऊ दगड होऊन पर्वत झाले. तेथे चढाईला मनाई नाही, मात्र माथ्याच्या अगदी टोकावर उभे राहू नये, अशी गिर्यारोहकांना विनंती असते. ‘माउंट कुक’ एवढेच ठाऊक असलेल्याला ती विचित्र वाटेल. आओराकीची कथा ऐकलेल्याला तिचे कारण विचारावे लागत नाही.