हेम्पचे नत्र: किती आणि कोणते?

हेम्पला, म्हणजे तंतूसाठी घेतल्या जाणाऱ्या भांगेच्या जातीच्या पिकाला, भरपूर नत्र लागते हे खरे असले, तरी ते कोणत्या रूपात द्यायचे हा प्रश्न मला मात्रेइतकाच महत्त्वाचा वाटतो. युरियात ४६ टक्के नत्र असते आणि तो स्वस्तही पडतो. परंतु ओलसर जमिनीवर नुसता फेकून दिला, तर मातीतील युरिएज हे विकर त्याचे विघटन करते आणि नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपाने हवेत निघून जातो. फेकल्यानंतर हलके पाणी देऊन तो मातीत मुरवला, तर ही गळती बरीच कमी होते. नायट्रेटयुक्त खत पिकाला लगेच मिळते, मात्र मोठ्या पावसात तेच मुळांच्या खाली झिरपून भूजलात उतरते. पाणी साचलेल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत जिवाणू नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साइड तयार करतात आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरून ठेवतो. हेम्पला ‘पर्यावरणस्नेही’ म्हणणारे या हिशोबाकडे सहसा काणाडोळा करतात, हे मला खटकते.

पिकाचाही तोटा होतोच. जास्त नत्राने झाडे उंच आणि लुसलुशीत होतात, वाऱ्यात लोळतात आणि तंतूची मजबुती घटते. शेणखत किंवा कंपोस्टातील नत्र सावकाश सुटते. पण हेम्पची भूक वाढीच्या पहिल्या काही आठवड्यांतच सर्वाधिक असल्याने केवळ त्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. आधी हवेतील नत्र मातीत आणणारे द्विदल पीक घेऊन, उरलेली गरज हप्त्यांनी भागवणे मी पसंत करतो.